डावीकडे वळलं की हॉर्न

लोणखेड्याच्या दीपमालाबाई पाटील गाडी चालवायला शिकल्या तेव्हा त्यांची दोन्ही मुलं लग्नं होऊन आपापल्या संसाराला लागली होती. ललित सुरतेला, काजल धुळ्याला. घरात उरले दोघं: दीपमालाबाई आणि कॉलेजातल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान पितांबरराव. त्याच सुमाराला खांडबाऱ्याच्या थोरल्या भावानं नवी मोटार घेतली आणि जुनी पांढरी गाडी भंगारात काढायची ठरवली. दीपमालाबाई माहेरी गेल्या होत्या. अंगणात उभ्या असलेल्या त्या गाडीत त्या सहज जाऊन बसल्या, स्टिअरिंगला हात लावून पाहिला, आणि बाहेर आल्या त्या गाडी लोणखेड्याला न्यायची हे ठरवूनच.

गाडी आणली पितांबररावांनी, कारण परवाना त्यांच्याकडे होता. तो त्यांनी तरुणपणी काढला होता आणि देवघरातल्या पंचांगासारखा जपून ठेवला होता. खांडबारा ते लोणखेडा त्यांनी गाडी अशी चालवली की वाटेत सायकलवाले मागं वळून चौकशी करत होते. प्रकाशाच्या पुलाआधी थांबून त्यांनी तोंड धुतलं, पुलानंतर थांबून पुन्हा धुतलं. घरी पोचल्यावर चावी बायकोच्या हातात दिली आणि म्हणाले, "आते तूच चालाव."

दीपमालाबाईंनी ते शब्दशः घेतलं. कॉलेजमागच्या मैदानावर रोज सकाळी त्या गाडी फिरवू लागल्या. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी आधी तक्रार केली, मग ती स्टंप उचलून कोपऱ्यात गेली, आणि शेवटी त्यांच्यातलाच एकजण शेजारी बसून क्लच कधी सोडायचा ते सांगू लागला. परवाना हातात पडला त्या दिवशी दीपमालाबाईंनी आळीत पेढे वाटले. मुलांच्या लग्नात वाटले होते त्याहून मोठे, असं सुंदरबाई म्हणायची. सुंदरबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

पहिला फ्यूज उडाला शहाद्याच्या बाजारात. समोर बैल आडवा उभा होता. दीपमालाबाईंनी हॉर्न दाबला, आवाजच नाही. त्यांनी खिडकीतून डोकं काढून बैलाला चार शब्द सुनावले, तो हलला. पण मागून एक मोटारसायकलवाला हळूच येऊन धडकला आणि भांडायला लागला की बाई, तुम्ही ब्रेक मारला पण मागचा लाल दिवा लागलाच नाही. दीपमालाबाई भांडायला उतरल्या खऱ्या, पण आधी शेजारी बसलेल्या यजमानांना ब्रेक दाबायला सांगून त्यांनी मागं जाऊन पाहिलं. दिवा खरंच लागत नव्हता. त्या भांडण विसरल्या. हॉर्न गाडीच्या पुढच्या टोकाला, दिवा मागच्या टोकाला, आणि दोघं एकाच वेळी गेले कसे? मोटारसायकलवाल्यालाच त्यांनी हे विचारलं. तो किक मारून निघून गेला.

सांगितलं आमशानं. बसस्टँडच्या मागं त्याची गाड्यांच्या वायरिंगची टपरी आहे. त्यानं डॅशबोर्डखालचं एक झाकण काढलं, आतून नखाएवढी रंगीत चिप ओढली आणि उजेडाकडे धरली. आतली बारीक तार मधोमध तुटलेली होती. हॉर्न आणि ब्रेकचा दिवा, दोघांचा करंट याच एका फ्यूजमधून जातो, त्यामुळं हा उडाला की दोघं एकदम गप्प. दीपमालाबाईंनी ती चिप हातात घेऊन इतक्या वेळा उजेडाकडे धरली की आमशानं शेवटी ती त्यांनाच देऊन टाकली.

त्या दिवसापासून त्यांना नादच लागला. आमशाच्या टपरीवर त्या जाऊन बसत. त्यानं त्यांना जुन्या हेडलाइटच्या बल्बला दोन वायरी जोडून दिल्या आणि त्याचा उपयोग दाखवला: फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर त्याच्या जागी हा बल्ब लावायचा. कुठंतरी सोललेली वायर पत्र्याला टेकलेली असेल तर बल्ब भक्क पेटतो. मग एकेक वायर हलवत जायचं. ज्या जागी हलवल्यावर बल्ब मंद होईल, तिथं दुखणं. दीपमालाबाई म्हणाल्या, हे तर पोट दाबून कुठं दुखतं ते बघण्यासारखंच झालं.

नाद म्हटला की चुकाही आल्या. एकदा सारखा उडणाऱ्या फ्यूजला कंटाळून त्यांनी त्याच्या जागी दुप्पट ताकदीचा बसवला. तो उडाला नाही. त्याऐवजी डॅशबोर्डखालून धूर आला, आणि पितांबरराव गाडी पुरती थांबायच्या आत खाली उतरून बांधापलीकडे गेले. आमशा एरवी मोजकंच बोलतो, पण त्या दिवशी जळकी वायर हातात धरून म्हणाला, "फ्यूज जळतो ते बरं असतं, काकू. तो नाही जळला तर गाडी जळते." दुसऱ्या वेळी गल्लीतल्या नवनीतच्या गाडीचा एका बाजूचा दिवा लागेना म्हणून त्यांनी दुपारभर त्याचा डॅशबोर्ड उघडून ठेवला. संध्याकाळी कळलं, बल्बच गेलेला होता. सगळं परत बसवल्यावर त्यांच्या हातात मूठभर स्क्रू उरले. ही गोष्ट त्या स्वतःच सगळ्यांना सांगत आणि सांगताना हसून हसून खाली बसत.

पाटलांच्या घराच्या मागच्या खोलीत पूर्वी रविना राहायची. ती धडगावकडच्या एका पाड्यावरची, पावरा आदिवासी कुटुंबातली मुलगी. नर्सिंग शिकायला आली तेव्हा होस्टेलात जागा नव्हती, म्हणून तिची आई फुलीबाई तिला हाताला धरून दारोदार खोली विचारत फिरत होती. दीपमालाबाईंनी दोघींना आत बोलावून जेवायला वाढलं, आणि जेवण संपायच्या आत खोली ठरली. शिक्षण झालं, रविना तिकडंच डोंगरातल्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून लागली, पण फोन रोजचा. गेल्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. नवरा दिनेश, शाळेत शिक्षक, घाटाच्या खालच्या अंगाच्या पाड्यावरचा. रविनानं घरात सांगून टाकलं की सासरी जाईन ती काकूंच्या गाडीतून, नाहीतर चालत.

पितांबरराव घाटाचं नाव ऐकून दोन दिवस नीट जेवले नाहीत. दीपमालाबाईंनी गाडी धुतली, टायर बघून घेतले, आरशाला झेंडूची माळ बांधली, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी निघाल्या.

म्हसावद मागं पडून चढ सुरू झाला, आणि पहिल्याच डाव्या वळणाला हॉर्न वाजला. पितांबररावांना वाटलं बायको खुशीत आहे. दुसऱ्या डाव्या वळणालाही वाजला. उजवं वळण गेलं, शांत. मग पुन्हा डावं, पुन्हा हॉर्न.

"आनंद व्हयना ते ठीक शे," ते म्हणाले, "पण इतलं वाजाडू नको."

"मी हातच लावेल नही," दीपमालाबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात कुठं आहेत ते दाखवायला उचलले, आणि पितांबररावांनी डोळे मिटले.

स्टिअरिंगच्या आतली वायर डावीकडे वळताना कुठंतरी टेकत होती, हे दीपमालाबाईंच्या लगेच लक्षात आलं. पण त्यात धोका नव्हता. घाटात वळणावर हॉर्न द्यायचाच असतो, गाडी स्वतःहून देते तर देऊ दे, असं त्यांनी ठरवलं. कडेच्या खडकांवर आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या होत्या. त्या राखणाऱ्या बाया प्रत्येक डाव्या वळणाला दचकून उठत आणि मग हात हलवत.

लग्न दणक्यात झालं. ढोल थांबतच नव्हते. दीपमालाबाई फुलीबाईचा हात धरून नाचल्या, चुकीच्या पायानं नाचल्या, आणि रांगेतल्या बायांनी त्यांच्यासाठी पाय बदलून घेतला. पितांबररावांना एका म्हाताऱ्यानं कौतुकानं शेजारी बसवलं. त्या म्हाताऱ्याचं नाव जालमसिंग, रविनाचा आजा. त्याला मराठी फारशी येत नव्हती आणि पितांबररावांना पावरी अजिबात येत नव्हती, तरी दोघं तासन् तास बोलत होते.

दुसऱ्या दिवशी पाठवणी. पुढच्या जीपमध्ये दिनेश, त्याचे मित्र आणि ढोलवाले. मागं दीपमालाबाईंची गाडी. तिच्यात मागच्या सीटवर नवरी रविना, अंगभर चांदी घालून, आणि शेजारी फुलीबाई. मुलीच्या आईनं सोबत जायचं नसतं म्हणे. फुलीबाई घाटाच्या तोंडापर्यंत येते म्हणून बसली, आणि घाटाच्या तोंडाशी कोणी तिला उतर म्हणालं नाही, तीही उतरली नाही. डिकीत अंथरूण, भांडी आणि एक मोठी पत्र्याची पेटी इतकी कोंबली होती की झाकण बसेना. ते दोरीनं बांधून टाकलं होतं.

उतार सुरू झाला. डावं वळण, हॉर्न. डावं वळण, हॉर्न. पुढच्या जीपमधल्या ढोलवाल्यांना वाटलं ही साथ आहे, त्यांनी चालत्या जीपमध्ये ढोल धरला. रविना हसायला लागली, तिची चांदी वाजायला लागली, फुलीबाई टाळ्या पिटायला लागली. मग मात्र हॉर्न वळण संपलं तरी थांबेना. गाडी सरळ धावतेय आणि हॉर्न एकसारखा ओरडतोय. पुढून येणारी एक जीप बाजूला घेऊन उभी राहिली, आतल्या माणसांनी रुग्णवाहिका समजून वाट दिली. आणि मध्येच, कोणीतरी तोंडावर हात ठेवावा तसा आवाज बंद झाला.

पितांबरराव म्हणाले, देव पावला. दीपमालाबाई म्हणाल्या, फ्यूज गेला. म्हणजे मागचा लाल दिवाही गेला. मागून येणाऱ्याला ब्रेक कळणार नाही, आणि घाटात ते बरं नाही. पुढं डोंगराकडेला रुंद जागा दिसली, मोहाच्या झाडाखाली. त्यांनी गाडी तिथं घेतली.

पुढची जीपही थांबून मागं आली. दीपमालाबाईंनी पदर खोचला. त्यांचा पहिला संशय अर्थातच हॉर्नवर होता. त्यांनी पुढं बॉनेट उघडून हॉर्नची वायर ओढून काढली, नवा फ्यूज बसवला, आणि यजमानांना ब्रेक दाबायला सांगितलं. पितांबररावांनी पाय ठेवला, आणि नवा फ्यूज त्याच क्षणी गेला. म्हणजे हॉर्न निर्दोष होता. त्याचं रडगाणं वेगळं, हे दुखणं वेगळं. करंट ब्रेकच्या वायरीवर कुठंतरी पत्र्यात पळत होता. आता सुट्या फ्यूजच्या डब्यात शेवटचा एकच उरला होता.

जीपचा ड्रायव्हर पुढं आला. तांब्याची एक तार फ्यूजच्या जागी पिळून टाका, आम्ही नेहमी तसंच करतो, काही होत नाही, असं त्यानं समजावलं. त्यानं खिशातून तारही काढली. घाई सगळ्यांनाच होती, खाली पाड्यावर लोक ताटकळले होते. दीपमालाबाईंनी तारेकडे पाहिलं, मग मागच्या सीटवर बसलेल्या रविनाकडे.

"मन्ही पोर शे गाडीमां," त्या म्हणाल्या. "तार नही टाकस मी."

ड्रायव्हरनं तार परत खिशात ठेवली. फुलीबाईनं हे ऐकलं. ती गाडीतून उतरली आणि दीपमालाबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मग त्यांनी फ्यूजच्या जागी आमशाचा बल्ब लावला. पितांबररावांना बजावलं की ब्रेकवर पाय ठेवा आणि मी सांगेपर्यंत उचलू नका. बल्ब भक्क पेटला. दीपमालाबाईंनी ठामपणे जाहीर केलं की बिघाड डॅशबोर्डच्या मागंच आहे, आणि त्या गाडीत आडव्या होऊन खाली शिरल्या. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते, पायात लग्नासाठी घेतलेल्या नव्या चपला. त्या एकेक वायर हलवत होत्या, बल्ब तसाच भक्क. बाहेर वरातीला किती वेळ उगीच उभं राहायचं कळेना, म्हणून ढोलवाल्यांनी ढोल काढले.

मग काय, रस्त्यावरच नाच सुरू झाला. रविनाही उतरली. दिनेश मघापासून नवरदेवासारखा ताठ बसला होता, त्याला मित्रांनी ओढून रिंगणात आणलं. खालून आलेल्या एका एसटीतले प्रवासी खिडक्यांतून बघत राहिले. एसटीच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि कंडक्टर उतरून दोन फेऱ्या नाचून आला. पितांबरराव स्टिअरिंगमागं ब्रेकवर पाय ठेवून बसले होते, त्यांना हलता येत नव्हतं. त्यांनी खांदे तेवढे हलवायला सुरुवात केली. नाचता नाचता दिनेशचे दोन मित्र गाडीच्या मागच्या भागावर टेकले आणि ढोलाच्या ठेक्यावर ती खालीवर दाबू लागले.

फुलीबाई दारातून आत बघत होती. दीपमालाबाईंशी बोलताना ती नेहमी अहिराणीच बोलायची. ती म्हणाली, "बाई, तुन्हा दिवाबी नाची ऱ्हायना."

दीपमालाबाईंनी मान वळवली. बल्ब ठेक्यात भक्क होत होता, मंद होत होता, भक्क होत होता. त्या क्षणी डॅशबोर्डमागच्या एकाही वायरीला त्यांचा हात लागत नव्हता. त्या इतक्या झटक्यात बाहेर आल्या की डोकं आपटलं, आणि डोकं चोळत चोळत मागं धावल्या. त्या पोरांना थांबा म्हणाल्या तर बल्ब थांबला, दाबा म्हणाल्या तर पुन्हा लुकलुकायला लागला. डिकीची दोरी सोडली, पेटी उतरवली. झाकणावरच्या लाल दिव्याकडे जाणारी वायर बिजागरीपाशी वाकत होती. वर्षानुवर्षं झाकण उघडून मिटून तिथलं वेष्टण घासून गेलं होतं, आणि आज अर्धवट बांधलेल्या झाकणानं उघडं तांबं थेट पत्र्यावर दाबून धरलं होतं.

आता तिला गुंडाळायला चिकटपट्टी हवी, आणि तीच घरी राहिलेली. रविनानं आपल्या पर्समधून जखमेवर लावायची पट्टी काढली. सासरी जाताना पर्समध्ये पट्ट्या कशाला, असं कोणीतरी विचारलं. ती म्हणाली, नर्सच्या पर्समध्ये दुसरं काय असणार. चांदीनं भरलेल्या हातांनी तिनं ती वायर अशी निगुतीनं बांधली की पेशंट बोलता असता तर दुखलं नाही म्हणाला असता. पेटी जीपमध्ये गेली, डिकी नीट बंद झाली. दीपमालाबाईंनी बल्ब काढून शेवटचा फ्यूज बसवला.

"दाबा," त्या म्हणाल्या.

पितांबररावांनी दाबला. मागं उभी असलेली सगळी वरात एकदम ओरडली. मागचे सगळे लाल दिवे लागले होते. पितांबररावांनी आणखी चारसहा वेळा दाबून दाखवला, दर वेळी वरात ओरडली, आणि एसटीतले लोकही त्यात सामील झाले.

हॉर्नची वायर मात्र काढलेलीच ठेवावी लागली. ती जोडली असती तर तो लोणखेड्यापर्यंत बोंबलत राहिला असता. पण हॉर्नशिवाय घाट उतरायचा कसा? पितांबररावांनी ही शंका काढली तेव्हा मागच्या सीटवरून रविना म्हणाली, "काकू, हॉर्न मी होते."

आणि झाली. वळण आलं की ती खिडकीतून तोंड बाहेर काढून, होळीत नाचताना बाया देतात तशी लांब, थरथरती आरोळी ठोकायची. ती दमली की फुलीबाई. वळणापलीकडचे जीपवाले गाडी थांबवून वाट बघत, आणि पलीकडून नवरी आरोळी देत येताना पाहून तेही उलट आरोळी देत. दिनेशच्या पाड्यावर गाडी दिसायच्या कितीतरी आधी ऐकू गेली. दिनेशची आई रमिलाबाई ओवाळायला पुढं आली आणि म्हणाली की सून येतेय हे आम्हाला तीन वळणं वरूनच कळलं, असा गळा असेल तर आरोग्य केंद्राला भोंग्याची गरज नाही. रविनाचा आवाज पुरता बसला होता. सगळे आशीर्वाद तिनं मान डोलावूनच घेतले.

फुलीबाई तिथंच राहिली, दुसऱ्या दिवशी परतण्याच्या बोलीवर. दीपमालाबाई निघाल्या तेव्हा तिनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि पावरीत काहीतरी सांगितलं. दीपमालाबाईंना शब्द कळले नाहीत. त्यांनी विचारलंही नाही.

ऊन कलायच्या आत दोघं परत निघाली. घाटाची शेवटची काही वळणं अजून उरली होती, आणि गाडीत आता ना नवरी होती ना फुलीबाई. पहिलं वळण जवळ आलं तशी दीपमालाबाईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. पितांबररावांनी घसा खाकरला, खिडकीची काच खाली केली आणि अगदी हळू, कोणाची झोप मोडू नये अशा बेतानं म्हणाले, "होऽ."

"समोरनासले आयकू नही जावाव," दीपमालाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या वळणाला त्यांनी जरा जोर लावला. तिसऱ्याला मान बाहेर काढली. चौथ्याला त्यांचा आवाज दरीत जाऊन परत आला, तो ऐकून ते स्वतःच चकित झाले, आणि पाचव्या वळणाची वाट न बघता त्यांनी पुन्हा ओरडून पाहिलं. घाट संपला. सपाटी लागली, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रस्ता सरळ आणि रिकामा. तरी पितांबरराव ओरडतच होते. म्हशींना ओरडले, मैलाच्या दगडांना ओरडले, एका बागेत पाणी भरणाऱ्या माणसाला ओरडले आणि त्यानं फावडं उंचावून उलट ओ दिली. दीपमालाबाईंना हसू इतकं आलं की डोळ्यांपुढचा रस्ता पुसट झाला. त्यांनी शहाण्या ड्रायव्हरसारखी गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला, आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून पोट धरून हसत राहिल्या. पितांबरराव शेजारी बसून, थोडे लाजलेले, थोडे धापा टाकत, विचारत होते की आता पुढं कोणतं वळण आहे.